गाडीचा एसी गार करेना? गॅस भरायच्या आधी एवढं तपासा

एसीतून गार हवा येईनाशी झाली की पहिलं निदान ठरलेलं असतं: "गॅस संपला असेल." आपण म्हणतो, शेजारी म्हणतो, गॅरेजमध्येही बहुतेकदा तेच ऐकू येतं. गॅस भरणं तासाभराचं काम, गाडी ताब्यात घेताना हवा गार लागते, सगळे खूश. मीही एकाच उन्हाळ्यात दोनदा गॅस भरून घेतलाय. पहिला महिनाभर टिकला, दुसरा तीन आठवडे. खरा दोष निघाला तो एका हरवलेल्या टोपणापाशी. ती हकिगत गळतीच्या भागात सांगतो.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस गोल गोल फिरत राहतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून तो किंचित झिरपतो हे खरं, पण त्याने फरक जाणवायला काही वर्षं जातात. महिन्या-दोन महिन्यांत गॅस कमी झाला तर तो गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने जाणार. शिवाय हवा गरम येण्याची कितीतरी कारणं अशी आहेत की ज्यांचा गॅसशी काडीचाही संबंध नाही.

म्हणून माझा तपासाचा क्रम असा: आधी हवा, मग वीज, मग समोरचा पंखा आणि कंडेन्सर, आणि सगळ्यात शेवटी गॅस. पहिले तीन टप्पे एकही नळी न उघडता, घरच्या घरी होतात.

गारवा तयार कसा होतो

हा भाग वगळू नका. पुढचं सगळं निदान यावरच उभं आहे.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला गॅस तापतो आणि रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे उष्णता बाहेरच्या हवेला देऊन तो द्रव होतो. ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून गाळून हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम पडतो आणि द्रव उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो केबिनच्या हवेतून ओढून घेतो, आणि ती गार झालेली हवा ब्लोअर आपल्या तोंडावर फेकतो.

आकड्यांत बघितलं की हे नीट पटतं. आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. कॉइलमध्ये दाब ३० पीएसआय (दाब मोजायचं एकक) असेल तर साधारण १ अंशाला. म्हणजे कॉइल बर्फाच्या काठावर असते, पण गोठत नाही. दुसऱ्या टोकाला कंडेन्सरमध्ये दाब २०० पीएसआय असेल तर गॅस ५४ अंशांच्या आसपास द्रव होतो. बाहेर ४० अंश ऊन असलं तरी ५४ अंशांचा कंडेन्सर त्या हवेला उष्णता देऊ शकतो. सगळी करामत या दोन दाबांतल्या फरकाची आहे. कॉम्प्रेसर तो फरक तयार करतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह टिकवतो. दोघांपैकी एकाने जरी काम सोडलं, तरी टाकीभर गॅस ओतून उपयोग नाही.

आधी मोजा, मग बोला

"थोडं कमी गार वाटतंय" यावरून दुरुस्ती होत नाही. टोकदार सळईचा एक डिजिटल थर्मामीटर घ्या. गाडी सावलीत उभी करा, बोनेट उघडं ठेवा, तापमान सगळ्यात कमी, आतलीच हवा फिरवणारं रिसर्क्युलेशनचं बटण चालू, ब्लोअर पूर्ण. इंजिन १५०० फेऱ्यांवर धरून दहा मिनिटं चालवा. थर्मामीटर डॅशबोर्डवरच्या मधल्या जाळीत खोचा.

बाहेर २५ ते ३० अंश असताना ठीकठाक एसी जाळीपाशी ५ ते १० अंश दाखवतो. हवा दमट असेल तर आकडा थोडा वर जातो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात खर्च होते. बाहेर चाळिशीचं ऊन आणि तापलेली केबिन असेल तर १२-१४ अंश आले म्हणून घाबरू नका. पण बाहेर ३० आणि जाळीत २२ असेल तर काहीतरी नक्की बिघडलंय.

आकडा तारखेसकट लिहून ठेवा. मग स्वतःला चार प्रश्न विचारा. हवा कमी येतेय, की भरपूर येतेय पण गरम? रस्त्यावर गार आणि सिग्नलला गरम, असं होतं का? सुरुवातीला गार, अर्ध्या तासाने गरम? एका बाजूच्या जाळ्या गार आणि दुसऱ्या बाजूच्या कोमट? या उत्तरांनी अर्धं काम होतं.

हवा कमी येत असेल तर

बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या ग्लोव्ह बॉक्समागे, म्हणजे सटरफटर ठेवायच्या कप्प्यामागे, केबिन फिल्टर असतो. कप्पा रिकामा करा, दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली सोडा, मागे एक चपटं झाकण दिसेल. फिल्टर काढून उजेडाकडे धरा. उजेड दिसत नसेल तर ब्लोअरला हवा मिळत नाहीये. फिल्टर काढून ठेवून एकदा एसी चालवून बघा. हवा दणकून आली तर निदान झालं. नवा बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. झटकून जुनाच बसवणारे बरेच असतात, पण झटकल्याने वरची धूळ जाते, आतली राहते.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो आणि खालच्या वेगांवर मुका राहतो, असं असेल तर ब्लोअरचा रेझिस्टर जळालाय. छोटा भाग आहे, बऱ्याच गाड्यांत दोन स्क्रूंचं काम.

तिसरा प्रकार जास्त फसवा. हवा आधी मस्त गार येते, मग हळूहळू तिचा जोर कमी होतो आणि अर्ध्या-पाऊण तासात नुसती झुळूक उरते. इथे कॉइलवर बर्फ धरलाय. एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत गाडीखाली पाण्याची धार लागली आणि हवा पूर्ववत झाली की खात्री समजा. कॉइलला चिकटलेला तापमानाचा सेन्सर खराब झाला किंवा जागेवरून हलला तर कॉम्प्रेसर वेळेवर थांबत नाही आणि बर्फ जमतो. फिल्टर तुंबला तरी जमतो. गॅस थोडा कमी असला तरी जमतो, कारण दाब घसरला की उकळण्याचं तापमान शून्याच्या खाली जातं.

गाडीखाली टपटपणारं पाणी मात्र दोष नव्हे. ते हवेतलं पाणी आहे. दमट दिवशी पाणी अजिबात पडत नसेल आणि पायाखालची चटई ओली लागत असेल, तर कॉइलची ड्रेन नळी तुंबली आहे.

हवा भरपूर, पण कोमट: नळीला हात लावून बघा

बोनेट उघडल्यावर फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीत, शिरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्या शोधा, एक जाड आणि एक बारीक. जाड नळी कॉइलकडून परत येते. एसी दहा मिनिटं चालल्यावर ती बर्फाच्या पाण्याच्या बाटलीसारखी गार आणि घामेजलेली हवी. बारीक नळी कोमट ते गरम असते. हात लावताना पट्टा आणि पंखा यांपासून दूर राहा. बाही, ओढणी, गळ्यातली साखळी आवरून घ्या. कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे जाणाऱ्या नळीला हात लावू नका, चटका बसतो.

जाड नळी बर्फगार आहे आणि तरी जाळीतून गरम हवा येतेय? मग एसी आपलं काम चोख करतोय आणि गार हवेत हीटरची गरम हवा मिसळतेय. डॅशबोर्डमध्ये एक फ्लॅप असतो, तो हवा हीटरवरून न्यायची की बाजूने, हे ठरवतो. तापमानाचं बटण सगळ्यात गारपासून सगळ्यात गरमपर्यंत फिरवा आणि कान लावा. टकटक, टकटक असा आवाज येऊन हवेत फरक पडत नसेल तर फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरचा प्लास्टिकचा दाता तुटलाय. जुन्या गाड्यांत मोटरऐवजी तारेची केबल असते, ती निसटते. दोन बाजूंना वेगवेगळं तापमान ठेवता येणाऱ्या गाडीत एकच बाजू कोमट असेल तर पहिला संशय याच मोटरवर. गॅस कमी असतानाही कॉइलचा एक भाग गार आणि दुसरा कोरडा राहू शकतो, त्यामुळे हा संशय जाड नळी गार असेल तरच पक्का धरा.

नळी गारच नसेल तर पुढे चला.

कॉम्प्रेसर फिरतोय का?

जुन्या धाटणीच्या कॉम्प्रेसरला विजेवर चालणारा क्लच असतो. पुढची पुली पट्ट्याबरोबर कायम फिरते. पुलीच्या मधली तबकडी मात्र एसी लावल्यावरच "टक्" आवाज करून तिला चिकटते आणि फिरायला लागते. एक जण आत बसून एसीचं बटण दाबेल, दुसरा तबकडीकडे बघेल. तबकडी स्थिर असेल तर कॉम्प्रेसर चालत नाहीये. दर काही सेकंदांनी चिकटून सुटत असेल तर गॅस कमी असण्याची दाट शक्यता.

बऱ्याच नव्या गाड्यांत क्लचच नसतो. कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याची ताकद कमी-जास्त करतो. तिथे "टक्" ऐकू आलं नाही म्हणून कॉम्प्रेसर गेला, असं म्हणू नका. मी असा निष्कर्ष एकदा मोठ्या आत्मविश्वासाने काढला होता, आणि ज्यांच्या गाडीबद्दल काढला ते अजून मला त्यावरून चिडवतात.

तबकडी स्थिर आहे असं धरून क्रमाने जाऊ. पहिला फ्यूज. मग रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर नकाशा असतो. हॉर्नचा किंवा दुसरा कुठला रिले त्याच क्रमांकाचा असेल तर दोघांची अदलाबदल करा. एसी चालू झाला आणि हॉर्न बंद पडला, की रिले दोषी.

त्यानंतर मल्टिमीटर लागेल. क्लचच्या वायरचा कप्लर (जोडणीचा प्लग) काढा, एसी लावा आणि कप्लरवर व्होल्टेज मोजा. तिथे १२ व्होल्ट किंवा थोडे जास्त येत असूनही तबकडी ओढली जात नसेल तर दोष क्लचमध्ये. इंजिन बंद करून क्लच कॉइलचा रोध मोजा. साधारण ३ ते ५ ओहम यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली.

रोध बरोबर आणि तरीही क्लच चिकटत नाही, किंवा सकाळी चिकटतो आणि इंजिन तापल्यावर सुटतो? मग तबकडी आणि पुली यांच्यातली फट बघा. घर्षणाने झिजून ही फट वाढत जाते. नवी असताना ती बहुधा ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. फट १ मिलिमीटरच्या घरात गेली की तापलेल्या क्लच कॉइलचं चुंबक तबकडीला ओढू शकत नाही. इंजिन बंद असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारी बाजूंनी मोजा. तबकडीमागची पातळ वॉशर, म्हणजे शिम, एखादी कमी केली की फट परत बसते. या आजारावर आख्खा कॉम्प्रेसर बदललेला मी पाहिलाय.

कप्लरपर्यंत वीजच पोचत नसेल तर गाडीचा कंप्युटर मुद्दाम अडवतोय. नळीवरचा प्रेशर सेन्सर दाब फार कमी किंवा फार जास्त दिसला की कॉम्प्रेसर चालू होऊ देत नाही. कमीची मर्यादा बहुधा ३० पीएसआयच्या आसपास असते. दोन तारांचा जुना स्विच क्षणभर तारेने जोडून बघतात. तीन तारांच्या सेन्सरवर हा प्रयोग कधीही करू नका, तिथे सिग्नलचं व्होल्टेज असतं. स्विच जोडून गाडी चालवत राहणं तर आत्मघात. गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचं तेल फिरतं; गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि कोरडा कॉम्प्रेसर स्वतःला खाऊन टाकतो. इंजिन गरम होत असेल तरीही काही गाड्या एसी बंद करतात, तेव्हा तापमानाच्या काट्यावरही एक नजर टाका.

रस्त्यावर गार, सिग्नलला गरम

हे लक्षण इतकं स्पष्ट असतं की ते दिसलं तर वरचं बरंच काही सोडून थेट इथे या. गाडी वेगात असताना वारा आपोआप कंडेन्सरमधून जातो. थांबल्यावर ते काम पंख्याचं. एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा लगेच, किंवा दाब वाढल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत फिरायला हवा. नाही फिरला तर त्याचा फ्यूज, रिले आणि मोटर तपासा. दोन पंखे असतील तर दोन्ही बघा. एकच फिरत असतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. कधी फक्त कमी वेग जातो आणि जास्त वेग शिल्लक राहतो. तेव्हा पंखा उशिरा पण दणक्यात सुरू होतो.

एक सोपी परीक्षा. गाडी उभी, एसी चालू, जाळीत थर्मामीटर. दुसऱ्याला पाण्याच्या पाइपने कंडेन्सरवर संथ धार सोडायला सांगा. दोन मिनिटांत आकडा पाच-सहा अंशांनी उतरला तर गॅसचा विचार सध्या बाजूला ठेवा. कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाहीये.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सर साफ करा. बाहेरून तो स्वच्छ दिसतो. कचरा जमतो तो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत: किडे, पिसं, वाळलेली पानं, धूळ. बंपरचं वरचं कव्हर काढून टॉर्चने वरून बघा. साफ करताना इंजिन थंड असू द्या, साधी धार वापरा, आणि जमेल तिथे आतून बाहेर धुवा. जोराच्या प्रेशर वॉशरने पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट उलट बंद होते.

आता गॅस

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर गेज जोडायची वेळ आली. हे काम सराव नसेल तर एसीवाल्याकडूनच करून घ्या, पण आकडे समजून घ्या, म्हणजे समोरचा काय सांगतोय ते कळेल.

बोनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. छोट्या-मध्यम गाड्यांत ते बहुधा ४०० ते ७०० ग्रॅम असतं. जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनच्या थराला घातक ठरला म्हणून १९९० च्या दशकात आर-१३४ए आला. तो हवामान तापवतो म्हणून आता आर-१२३४वायएफ येतोय. युरोपात २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांमध्ये आर-१३४ए बंद आहे. या गॅसची एकमेकांत सरमिसळ करायची नाही. स्वस्तात पडतो म्हणून एलपीजीसारखा ज्वलनशील गॅस भरून देणारे भेटले तर तिथून निघा. कॉइल केबिनच्या हवेच्या वाटेत असते; ती गळली तर तो गॅस तुमच्या शेजारी येऊन बसतो.

पहिला आकडा इंजिन चालू न करता घ्यायचा. गाडी रात्रभर उभी असेल तर दोन्ही गेजवर सारखाच दाब येतो आणि तो फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४एसाठी २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय, ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४. दाब यापेक्षा बराच कमी असेल तर आत द्रव उरलेलाच नाही, म्हणजे गॅस जवळजवळ गेला. यापेक्षा बराच जास्त असेल तर आत हवा शिरलीय. कुणीतरी व्हॅक्यूम न करता गॅस भरला. आणि दाब बरोबर आला म्हणून गॅस पुरेसा आहे असंही नाही. आत थोडाही द्रव असला तरी दाब तेवढाच दिसतो, मग तो द्रव ५० ग्रॅम असो वा ५००. "प्रेशर बघितलं, गॅस फुल आहे" हे बंद गाडीवर कुणी सांगितलं तर ते निरर्थक आहे.

आता इंजिन १५०० फेऱ्यांवर. बाहेर तिशीचं तापमान असेल तर निळ्या गेजवर (कमी दाबाची, जाड नळीची बाजू) २५ ते ४५ आणि लाल गेजवर (जास्त दाबाची बाजू) १५० ते २५० पीएसआय असावेत. याहून वेगळं दिसलं तर असं वाचा.

दोन्ही कमी, समजा १५ आणि १०० असतील, तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस प्रमाणाबाहेर भरलाय, किंवा आत हवा आहे, किंवा कंडेन्सरची उष्णता निघत नाही. म्हणूनच पंखा आणि कंडेन्सर आधी बघायला सांगितलं. निळा गेज शून्याकडे किंवा त्याखाली ओढला जातोय आणि हवा गरम आहे, तर वाट कुठेतरी बंद झालीय, बहुधा एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी. गाडी थोडा वेळ उभी ठेवल्यावर हे आपोआप सुटत असेल आणि पुन्हा होत असेल, तर आत ओलावा आहे आणि तो व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतोय. इथे हवेचा जोर कमी होत नाही, फक्त ती गरम होते; कॉइल गोठण्यात आणि यात हाच फरक. शेवटचा प्रकार: निळा चढलेला आणि लाल पडलेला, जसं ७० आणि ११०. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले की कॉम्प्रेसर दाबत नाहीये. क्लच नसलेल्या गाडीत आख्खा कॉम्प्रेसर काढण्याआधी त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह बघायला सांगा. बऱ्याच मॉडेलमध्ये तो वेगळा बदलता येतो.

गळती शोधणं, आणि माझं टोपण

गॅस गळतो तिथून थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. त्यामुळे स्वच्छ अ‍ॅल्युमिनियमवर तेलकट काळा डाग दिसला की थांबा. नळ्यांचे सांधे आणि त्यातल्या ओ-रिंग (रबरी कडी), खड्याचा मार बसलेला कंडेन्सर, कॉम्प्रेसरचा पुढचा सील, होजला दाबून बसवलेली धातूची बांगडी: नेहमीच्या जागा एवढ्याच.

माझ्या गाडीवर असा डाग कुठेच नव्हता. दुसऱ्यांदा भरलेला गॅसही निघून गेला तेव्हा तिसऱ्यांदा जायच्या आधी संध्याकाळी टॉर्च घेऊन बसलो. गेज जिथे जोडतात ती जाड नळीवरची तोटी उघडी होती, तिचं टोपण गायब. कुणीतरी गॅस भरताना काढलं आणि परत लावलं नाही. तोटीत बारीक माती होती. ती ब्रशने काढली आणि भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचा एक थेंब आत सोडला. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही. मग थेंबाचा पृष्ठभाग मध्येच किंचित फुगला, टाचणीच्या डोक्याएवढा घुमट झाला, फुटला. पुन्हा तेच. एकामागून एक बुडबुडा, अगदी नेमाने. गॅस जात होता तो इथूनच.

आतली पिन टायरच्या व्हॉल्व्हसारखी दिसते, पण टायरची तिथे चालत नाही. एसीचीच घ्यावी लागते. उरलेला गॅस यंत्राने काढून पिन बदलली. पिन हा पहिला अडसर, आणि टोपणाच्या आतलं रबर हा दुसरा. टोपण धूळ अडवायला आहे असं मला तोवर वाटायचं.

साबणाने सापडत नसेल तर यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग), गॅस हुंगणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर, किंवा कोरडा नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघणं, असे उपाय आहेत. गॅस पूर्ण गेला असेल तर नायट्रोजनच बरा. डॅशबोर्डमधली कॉइल गळत असेल तर ब्लोअर बंद ठेवून काही वेळाने ड्रेन नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरतात. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तिथे साचतो.

"लीक बंद करणारं" द्रव्य आत टाकून घेऊ नका. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि नंतर कुठलाही जाणकार आपलं यंत्र तुमच्या गाडीला लावायला तयार होत नाही.

भरताना काय होतंय याकडे लक्ष ठेवा

आधीचा गॅस यंत्राने काढला जातो, हवेत सोडला जात नाही. सिस्टिम उघडली असेल, विशेषतः बराच वेळ उघडी राहिली असेल, तर ड्रायर बदलायचा. त्यातले ओलावा शोषणारे खडे हवेतल्या दमटपणानेच भरून जातात. काढलेल्या प्रत्येक सांध्याला नवी ओ-रिंग, तेलाचं बोट लावून.

मग व्हॅक्यूम, किमान अर्धा तास. हे नुसती हवा काढायला नसतं. दाब इतका खाली गेला की आतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. पाच मिनिटांत पंप बंद करणाऱ्याला थांबवा. पंप बंद केल्यावर काटा पंधरा-वीस मिनिटं हलता कामा नये. मात्र व्हॅक्यूम टिकला म्हणून गळती नाही असं समजू नका. बाहेरून आत येणारा दाब जेमतेम १५ पीएसआयचा, आणि चालू एसीत आतून बाहेर २०० असतो.

गॅस वजनाने भरायचा, स्टिकरवरच्या ग्रॅमइतका. काट्याकडे बघून अंदाजे नाही. शंभर ग्रॅम जास्त झाला तरी गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर भार येतो. किती तेल कमी झालं तेही विचारा. गाडीच्या कॉम्प्रेसरला कुठलं पीएजी तेल (एसीचं कृत्रिम तेल) लागतं ते ठरलेलं असतं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये विजेची मोटर असते आणि त्यात बहुधा वीज न वाहू देणारं पीओई तेल लागतं. चुकीचं तेल गेलं तर प्रकरण एसीपुरतं राहत नाही. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी तारा दिसल्या की आपण हात काढून घ्यायचा.

स्वतः गॅसच्या छोट्या डबीने भरणार असाल तर चश्मा आणि हातमोजे घाला; द्रव गॅस कातडीला लागला तर क्षणात कातडी गोठते. डबी फक्त जाड नळीवरच्या तोटीला जोडा. लाल बाजूला जोडली तर तिकडचा दाब डबीत शिरून ती फुटू शकते. डबी उभी धरा. उलटी केली तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो, आणि द्रव दाबला जात नाही, कॉम्प्रेसर मोडतो.

कॉम्प्रेसरच आतून तुटला असेल आणि काढलेल्या तेलात चमकणारा चुरा दिसत असेल, तर फक्त तो बदलून भागत नाही. चुरा कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो आणि धुऊनही निघत नाही. कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बरोबरच बदलावे लागतात. बिल बघून पोटात गोळा येतो, पण नाही बदलले तर नवा कॉम्प्रेसरही त्याच चुऱ्याने जातो.

काम झालं की गाडी तिथेच दहा मिनिटं चालवून जाळीतलं तापमान पुन्हा मोजा आणि आधी लिहिलेल्या आकड्याशेजारी लिहा. दोन्ही तोट्यांवर टोपणं आहेत ना, आतली रबरं शाबूत आहेत ना, ते स्वतः बोनेट उघडून बघा, आणि हाताने घट्ट फिरवून मगच गाडी बाहेर काढा.